डावखुरा ड्रायव्हर, मुक्काम तलासरी

मी ड्रायव्हर बोलतोय. ट्रकचा नव्हे, ते तुम्हाला अच्छाडच्या ढाब्यांवर रांगेने भेटतील आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतील. मी गोल्फचा ड्रायव्हर, पहिला लांब फटका मारायची काठी. सगळ्या काठ्यांत लांब दांडा माझा, मोठं डोकं माझं आणि ते आतून पोकळ. त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात एकच थाप आहे. ती आली की तुम्हाला कळेलच.

मुंबईच्या एका दुकानात मी दोन वर्षं कोपऱ्यात उभा होतो. खपणारे ड्रायव्हर दर्शनी भिंतीवर, दिव्यांखाली. गिऱ्हाईक त्यांना हातात घेई, हवेत फिरवी, आरशात बघे. आरशात माणूस ड्रायव्हर बघत नाही, पोट बघतो. मला मात्र कुणी शिवत नसे. मी डावखुऱ्यांसाठी घडवलेला. चेंडूवर आपटायची माझी बाजू इतरांच्या उलट.

२०१५ च्या मे महिन्यात दशरथ गुरुजी आले. तलासरीच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, खिशात वही.

"नवशिक्याला साडेदहा अंश उताराच्या तोंडाचा बरा ना?" वहीत बघत ते म्हणाले. "आणि दांडा फार कडक नको, असं लिहिलंय."

"सर, आपण खेळता?" विक्रेत्याने विचारलं.

"मी जन्मात लगोरी नाही खेळलो. मुलासाठी हवाय. वापीला कंपनीत आहे. त्याचे साहेब रविवारी खेळतात, आता त्यालाही बोलावलंय."

"मग हा न्या. सध्या सगळे हाच नेतात."

"सगळ्यांचं राहू द्या. डावखुऱ्याचा आहे?"

विक्रेत्याने फडक्याने माझी धूळ झटकली. मला आनंद झाला असं सांगायला हवं, पण नाही झाला.

पुढच्या रविवारी मुलगा, गौरव, घरी आला. गुरुजींनी मला दोन्ही हातांवर आडवं धरून त्याच्यासमोर केलं. त्याने मला उचललं, चेंडूपाशी उभं राहतात तसा उभा राहिला आणि थांबला.

"बाबा, हा डावखुऱ्यांचा आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तू डावखुराच होतास."

गौरवची आई, प्रभाताई, म्हणाल्या, "चहा निवतोय." गौरवने मला भिंतीला टेकवलं. "तो हात आता नुसता घड्याळापुरता आहे बाबा. बदलून आणा." चहा न घेताच तो गेला.

मला भानगड कळली ती शेजारच्या रूपीमुळे. ती प्रभाताईंबरोबर ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"गुरुजी रोज काठी पुसतात, मारत तर कुणाला नाहीत," रूपी म्हणाली.

"ज्याला मारायचं त्याला मारून झालं," प्रभाताई म्हणाल्या. "पहिलीत गौरव ह्यांच्याच वर्गात. डाव्या हाताने लिहायचा. ह्यांनी तो हात पंच्याने कमरेला बांधला. वर्षभर. घरी जेवतानासुद्धा."

"अगो बाय! आणि तुम्ही?"

"मी वाढत होते."

निवृत्तीच्या वर्षी वरून कागद आला होता, डावखुऱ्या मुलांवर जबरदस्ती करू नका म्हणून. शाळेत सर्वांत ज्येष्ठ गुरुजीच, तेव्हा तो मोठ्याने वाचायचं कामही त्यांच्याकडे आलं. वाचता वाचता मध्येच त्यांना ठसका लागला आणि उरलेला कागद दुसऱ्याने वाचला. त्यानंतर त्यांनी ती गोल्फची वही केली. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मुलाला सांगायचे सोडून हा माणूस साडेदहा अंशांपर्यंत पोचला. शिक्षक माणूस, स्वतःची चूक स्वतः तपासायची सवय नाही.

त्यांनी मला बदलून आणलं नाही. गौरव सणाला येई, जेवून जाई. माझ्याकडे बघत नसे. मी जाळी काढली, शेळ्या हाकलल्या. रूपीचा नवरा लाहू याने एकदा मला उलटं धरून कच्चा चिक्कू असा हाणला, की तो चिक्कू अच्छाडचा नाका ओलांडून, कागद न दाखवता, थेट गुजरातेत पडला. आता तिकडच्या बाजारात त्याचीच रोपं विकतात.

मग २०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू, तलासरी, सगळीकडे. ही थाप नव्हे. पहिल्या धक्क्याला माणसं पोरंबाळं घेऊन धावली. विसाव्याला नुसती उठून उभी राहिली. पुढे पुढे भांडी वाजली तरी हातातला घास खाली ठेवेनात. माझ्यासारखीच झाली सगळी.

गुरुजींच्या भिंतीला तडा गेला, तसं बिऱ्हाड अंगणात आलं. ताडपत्रीला बांबू आखूड पडला, म्हणून लाहूने त्याच्या टोकाला मला बांधलं. माझं गोल डोकं ताडपत्रीला भोक पाडत नाही, हा माझा पहिला खरा उपयोग.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गौरव गाडी घेऊन आला. "सामान भरा. वापीला चला."

"मी येत नाही," गुरुजी म्हणाले.

"भिंत पडेल बाबा!"

"पडू दे."

"आईचं काय?"

गुरुजींनी वर माझ्याकडे बघितलं. "एकदा मारून दाखव. डाव्याने. मग येतो."

"बाबा, जमीन हलतेय आणि तुम्हाला—"

"मी बांधला होता," गुरुजी म्हणाले. एवढंच. चार वर्षं लागली.

गौरव बांबूपाशी गेला. मग त्याने सुतळी सोडून मला उपसलं आणि ताडपत्री चुलीवर, भातावर, प्रभाताईंवर कोसळली.

"अहो, भूकंप झाला की काय?" आतून आवाज.

"नाही," लाहू ओरडला, "गौरवभाऊ खेळतोय!"

गौरव डावखुऱ्यासारखा उभा राहिला. पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. लाहूने एक कच्चा चिक्कू ठेवला. गौरवने मला फिरवलं. चिक्कू जागचा हलला नाही. मी धाडकन जमिनीवर आपटलो आणि तो दणका दांड्यातून त्याच्या तळहातात शिरला. मी हातातून सुटलो.

गुरुजी पुढे झाले. त्यांनी त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उघडला, अंगठ्याने तळवा चोळू लागले.

"लागलं?"

"नाही. झिणझिणतंय."

"झिणझिणू दे," गुरुजी म्हणाले. ते चोळत राहिले. गौरवनेही हात ओढून घेतला नाही. ताडपत्रीखालून बाहेर आलेल्या प्रभाताई केसांतला भात काढत तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळच्या आत ते वापीला गेले. ताडपत्री लाहूला देऊन गेले, तिच्याबरोबर मीही. हे २०१९ आहे. मी लाहूच्या अंगणात छप्पर धरून उभा आहे, खाली रूपी भाकरी थापते आणि जमीन अधूनमधून हलते. मला न्यायला येऊ नका, इथे मी लागतो. पण दुकानात जाल तेव्हा दर्शनी भिंतीवरचा ड्रायव्हर उचलण्याआधी घरी एकदा विचारा, तुझा हात कुठला. आणि जो सांगतील तो खरा माना. येतो आता. म्हणजे, उभाच आहे.