पाकिटावरचं नाव

मित्रांनो, मला सरळ ओढलंत तर मी जागचा हलणार नाही. डावीकडून थोडं वर उचलायचं आणि मग ओढायचं, अशी माझी रीत आहे. नारपोलीतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमधल्या टेबलाचा मी जुना लाकडी खण आहे. हा माझा हट्ट नव्हे, माझी डावी पट्टी झिजली आहे. पण एका मुलीचं लग्न टांगणीला लागलं तेव्हा हीच खोड कामी आली.

माझी पहिली वर्षं एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेली. माझ्या पोटात सुताच्या कांड्या, कात्री आणि तेलकट फडकं असायचं. लूमच्या खडखडाटात हादरून हादरून पट्टी झिजली ती तिथेच. पुढे कारखाना बंद पडला, आमचं टेबल भंगारात निघालं आणि लॅबच्या डॉक्टरांनी ते उचलून आणलं. तेलकट फडक्यावरून थेट माणसांच्या रिपोर्टांवर! मला ती मोठी बढतीच वाटली.

इथे रक्त घेण्याचं आणि रिपोर्ट देण्याचं काम दिपाली करते. ती मला रोज पुसायची, माझं कौतुक करायची. आमचा कारभार साधा होता. पाकिटावर माणसाचं नाव नसायचं, घराचं असायचं. 'काळूरामकडची', 'आक्कांची सून', असं. गावात माणसाला घरावरूनच ओळखतात ना! घरचं कोणीही आलं की पाकीट त्याच्या हाती. साखर वाढली, रक्त कमी झालं, असले ते कागद. कोणाचं काय बिघडणार?

मग नव्या तपासण्या आल्या. आता रक्त नुसतं आजचं दुखणं सांगून थांबेना, आईबापांकडून काय आलं आणि मुलांकडे काय जाऊ शकतं, तेही सांगू लागलं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा नुसता वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर मात्र मूल गंभीर आजारी होण्याची भीती असते. पण एवढं समजून घ्यायला थांबतो कोण?

माधवी नावाच्या मुलीचं पाकीट तिच्या होणाऱ्या चुलतसासऱ्यांनी नेलं. ते चहाच्या टपरीवर चारचौघांत वाचलं गेलं आणि दिवेलागणीच्या आत सोयरीक मोडली. नुसती वाहक असलेली धडधाकट मुलगी, पण गावभर आजारी ठरली. दिपाली त्या दिवशी आमच्या टेबलावर डोकं टेकून रडली. मलाही फार वाईट वाटलं. तरी रीत काही बदलली नाही. सवय माणसाची मानगूट सोडत नाही, हेच खरं.

गेल्या वर्षी काल्हेरच्या जानकीबाई नेत्राला घेऊन आल्या. बाईंची गोदामं, शब्दाला वजन. नेत्रा तिथल्याच एका गोदामात नोकरीला, आणि बाईंच्या मुलाशी, मनोजशी, तिचं लग्न ठरलेलं. "साखरपुड्याआधी पोरीचं रक्त बघून घेऊ," असं बाई म्हणाल्या. मनोजचं रक्त बघावं, असं मात्र कोणालाच सुचलं नाही. दिपालीने सवयीने पाकिटावर लिहिलं, 'जानकीबाई, काल्हेर'.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. दिपालीने तो वाचून पाकिटात घातला, पाकीट माझ्यात ठेवलं आणि मग तिची नजर त्या नावावर गेली. तिचा हात थांबला. तेवढ्यात दारात रिक्षा उभी राहिली आणि जानकीबाई आत आल्या.

"आला का गो रिपोर्ट? दे इकडं."

"मावशी, नेत्रा नाही आली?"

"ती ड्युटीवर हाय. मी हाय ना! पाकिटावर माझंच नाव लिवलंस तू, माझ्या डोल्यांनी बघितलंय."

डॉक्टर बाहेरगावी होते. दिपालीने मला धरलं, आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ ओढलं. न उचलता! मी घट्ट बसलो. तिने पुन्हा ओढलं, मी आणखी घट्ट बसलो.

"अडकलाय, मावशी."

"मंग मी बसते. सुताराला बोलव."

बाई बाकावर ठाण मांडून बसल्या. दिपालीने मोबाइल टेबलाखाली धरून नेत्राला निरोप धाडला, 'ताबडतोब ये.' बाई मध्येच उठून आल्या आणि त्यांनी स्वतःच मला हिसका दिला. माझी फळी कुरकुरली. आता तुटतो की काय, असं मला वाटलं. पाऊण तास असाच गेला.

नेत्रा धावतच आली, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच. दिपालीने मला डावीकडून उचललं आणि अलगद उघडलं. पाकीट नेत्राच्या हातात दिलं.

"म्हंजे मुद्दाम अडवलंस मना?" बाईंचा आवाज चढला.

"हो. नाव लिहिताना मी चुकले, मावशी. रक्त तिचं आहे."

नेत्राने कागद वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"काय हाय त्यात?"

"आई, मनोजचंही रक्त तपासू. मग दोघं एकत्रच वाचू."

"आमच्या घरान असलं काय न्हाय!" असं म्हणून बाई तरातरा निघून गेल्या. साखरपुडा आठ दिवसांवर होता. सगळं फिसकटलं, असंच मला वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी मनोज बाही वर करत आला. त्याचा रिपोर्ट आला, त्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच जानकीबाई दारात उभ्या. या खेपेला आवाज अगदी खाली.

"दिपाली, मनोजचं पाकीट कोनाच्या हाती देऊ नको गो. नेत्राच्या बापाच्या तर न्हायच न्हाय. लोक काय बी अर्थ काढतात."

"कोणाच्याच नाही देणार, मावशी. तुमच्याही नाही."

बाई बाकावर बसल्या आणि पदराने चेहरा पुसला.

"त्या दिशी नेत्रा लय घाबरली असंल, न्हाय?"

दुपारी मनोज आणि नेत्रा आले. पाकिटावर मनोजचं नाव होतं, त्यानेच ते घेतलं. दोघांनी बाकावर बसून एकमेकांचे कागद वाचले. जानकीबाई बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

आता प्रत्येक पाकिटावर ज्याचं रक्त त्याचं नाव असतं. मला कुलूप बसवलंय. झिजलेली पट्टी मात्र दिपाली बदलू देत नाही.

मित्रांनो, विज्ञान आणखी पुढे जाईल, तुमच्या रक्तातलं आणखी काय काय वाचेल. दुसऱ्याचं पाकीट हाती आलं, तर उघडण्याआधी त्यावरचं नाव वाचा, एवढंच या म्हाताऱ्या खणाचं मागणं आहे. त्या दोन पाकिटांत काय होतं, असं तुम्ही विचाराल. मी सांगणार नाही. त्यावर तुमचं नाव नव्हतं.