चाळीसचा खटका

त्या घरातला विजेचा खटका दिवसातून तीनदा पडायचा, वीज जायची आणि कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट घराने त्याची रीतसर व्यवस्था लावली होती. जिन्याखाली स्टुलावर चढून खटका पुन्हा वर करायची पाळी ठरलेली असे. सोमवार-मंगळवार आई, बुधवार-गुरुवार थोरली, उरलेले दिवस बाबा. तसा कागदच फ्रिजवर चिकटवलेला होता. पाहुणा मुक्कामाला राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याचंही नाव लागे. भावोजी थोरलीला बघायला आले तेव्हा न सांगता दोनदा स्टुलावर चढले होते. म्हणूनच ते पसंत पडले, असं आई अजून सांगते. लग्नानंतर ते इथेच राहू लागले, पण जावई म्हणून त्यांना पाळी नव्हती.

धाकटी गेली सहा वर्षं इमारतींचं वायरिंग करत होती. तिच्या हाताखाली चार माणसं होती आणि तिने मान डोलावल्याशिवाय त्यांच्यातलं कुणी पंखासुद्धा जोडत नसे. घरी मात्र तिचा हुद्दा ‘धाकटी’ एवढाच होता. रविवारी सकाळी ती चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आली, पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेली, तर कागद गायब.

आईने कौतुकाने सांगितलं की तो प्रश्न भावोजींनी कायमचा निकालात काढला. महिना झाला, खटका एकदाही पडला नाही. या कामगिरीबद्दल भावोजींना आता जेवायला खिडकीजवळची खुर्ची मिळत होती आणि पहिलं वाढपही त्यांनाच.

भावोजींचं चपला-बुटांचं दुकान होतं. जेवताना त्यांनी सगळा प्रकार खुलासेवार सांगितला.

“गिऱ्हाइकाला बूट चावला की आपण काय करतो? मोठा नंबर देतो. इथे दहा अँपिअरचा खटका होता, तो चावत होता. म्हटलं, घर वाढत्या सामानाचं आहे, सारखं कोण बदलत बसणार. सरळ चाळीसचा बसवला.”

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. ती पाणी प्यायली आणि तिने शक्य तितक्या शांतपणे विचारलं की वायर बदलली का. भावोजी म्हणाले, वायर कशाला बदलायची, ती भिंतीत आहे, कुणाला दिसते.

“भावोजी, खटका म्हणजे बूट नाही. तो पुलावरचा पहारेकरी आहे. पूल दहा माणसं पेलेल एवढाच, म्हणून अकरावा आला की तो रस्ता बंद करायचा. तुम्ही त्याला घरी पाठवलं आणि चाळीस जणांना सोडणारा आणून बसवला. पूल तोच आहे. बाबांच्या लग्नाच्या आधीचा.”

यावर थोरली म्हणाली, त्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस घालवला, त्याचं काहीच नाही. आई म्हणाली, आल्या आल्या वाद नको, आमटी गार होतेय. भावोजी मोठ्या मनाच्या माणसासारखे नुसते हसले, आणि धाकटीला त्या हसण्याचा राग वायरीपेक्षा जास्त आला.

“मला तर त्या खटक्याचा गुणच आला,” बाबा म्हणाले.

बाबांची पाठ गेली दोन वर्षं धरली होती. शेक झाला, मलम झालं, पट्टा झाला. पण हा नवा खटका बसल्यापासून त्यांच्या पलंगामागची भिंत छान उबदार झाली होती. दुपारी तिला टेकून तासभर बसलं की पाठ मोकळी होते. थोडा जळका वास येतो, पण तो मलमाचा असणार.

धाकटी ताटावरून उठली.

बाबांच्या खोलीत त्यांची उशी भिंतीला लावून ठेवलेली होती, पांघरूणही भिंतीला चिकटून. तिने भिंतीवर तळहात टेकला आणि तसाच मागे घेतला. भिंत भरल्या चहाच्या कपासारखी तापली होती. भिंतीला चिकटवलेल्या कागदावरची फुलं एका ठिकाणी पिवळी पडून तपकिरी झाली होती. वर गिझर चालू होता, पलीकडे हीटर चालू होता आणि जेवायला येताना थोरली इस्त्री चालूच ठेवून आली होती. सगळं मिळून बावीस अँपिअर, दहाच्या वायरीतून, बाबांच्या पाठीमागून.

ती कुणाशी न बोलता जिन्याखाली गेली आणि तिने मेन स्विच बंद केला.

घर गप्प झालं. फ्रिज थांबला. सवयीने सगळ्यांनी मान वळवून फ्रिजकडे पाहिलं, आज कुणाची पाळी म्हणून.

तिने पलंग ओढला, भिंतीवरचा कागद फाडला. आत लाकडी झाकणाची एक जुनी डबी होती, जिच्यात वायरींचे जोड एकमेकांना नुसते पिळून ठेवलेले होते. टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून तिने वायरीला हात लावला. वरचं कापड आणि रबर बोटांत भुगा होऊन आलं आणि खाली काळं पडलेलं उघडं तांबं दिसलं. झाकण आतून कोळसा झालेलं होतं.

ते झाकण तिने नेऊन भावोजींच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे बाबांच्या उशीपासून चार बोटांवर होतं,” ती म्हणाली. आवाज कापत होता आणि तो कापतोय याचाही तिला राग येत होता. “तो दहाचा खटका बिचारा दिवसातून तीनदा तुम्हाला हेच सांगत होता. तुम्ही त्याच्यासाठी पाळ्या लावल्यात. शेवटी त्याला गप्प केलंत आणि खिडकीजवळ बसून जेवलात.”

भावोजींनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. बराच विचार केला.

“म्हणजे पन्नासचा हवा होता का?”

थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या पुढ्यातून ताट काढून घेतलं.

बाबा मात्र झाकणाकडेच बघत होते. त्यांचा एक हात आपोआप मागे गेला होता, पाठीवर, आणि तिथेच राहिला. मग त्यांनी आईकडे कागद-पेन मागितलं.

जुना खटका आईने बटणांच्या डब्यात जपून ठेवला होता, चांगली वस्तू आहे म्हणून. धाकटीने तो तपासून परत बसवला आणि जळलेली वायर बोर्डापासूनच तोडून टाकली; स्वयंपाकघराकडची आणि दिव्यांची तेवढी चालू ठेवली. गिझर बंद, हीटर बंद. तिने सुट्टी आठ दिवस वाढवून घेतली. नवी जाड वायर ओढायची, गिझरला वेगळी, हीटरला वेगळी, प्रत्येकीला तिच्या मापाचा खटका. तोवर थंड पाणी. बाबांच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी, तीही गॅसवर तापवलेली.

फ्रिजवर नवा कागद लागला. बाबांचं वळणदार अक्षर होतं: सोमवार ते रविवार, जावई.

संध्याकाळी थोरलीने स्वयंपाकघरात इस्त्री लावली, आईने ओव्हन लावला आणि खटका पडला. अंधारात बाबांचा आवाज आला, “पडला का? बरं झालं.”

भावोजी निमूट स्टुलावर चढले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग जिन्याखालून त्यांनी हाक मारली, “धाकटे, हा वर करू, की आधी काही बंद करायचं असतं?”

सहा वर्षांत त्या घराने तिला कामाचं काही विचारायची ही पहिलीच वेळ होती. तिने थोडा वेळ त्यांना स्टुलावर उभं राहू दिलं.

“आधी इस्त्री,” ती म्हणाली.