भोकांचे मोजे

दिवसभर फोनवर लोकांच्या पाण्याच्या तक्रारी ऐकायच्या आणि प्रत्येकाशी गोड आवाजात बोलायचं, ही तिची नोकरी. घरी पोचेपर्यंत तो गोडवा पार संपलेला असे. असल्या बाईने कुणाला मोजे विणून द्यायचं कबूल करूच नये. पण नणंद चीजचं दुकान काढत होती. "पहिल्या दिवशी मला त्या भोकाभोकांच्या चीजसारखे पिवळे मोजे घालायचेत, वहिनी. तुझ्याशिवाय कोण करणार?" असं ती म्हणाली आणि वहिनी विरघळली.

जाळीची वीण म्हणजे डोक्याला ताप. सुईवर लोकरीचा एक वेढा जास्तीचा घ्यायचा, की तिथे भोक पडतं. मग शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे टाके वाढत नाहीत. त्यात ही भोकं चीजसारखी लहानमोठी, मनाला येईल तिथे पडल्यासारखी दिसायला हवीत. पहिला मोजा तिने चारदा उसवला. नवरा रोज डोकावून विचारी, "काय, झालं का कष्टाचं चीज?" पहिल्या दिवशी ती हसली होती. विसाव्या दिवशी तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं.

महिन्याभराने जोडी पुरी झाली. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने मोजे धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले आणि कामाला गेली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकते तो सासरे दारातच उभे. सासरे म्हणजे जुने रफूगार. शालीचं, कोटाचं भोक असं बुजवायचे की मालकालाही सापडू नये. चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान.

"सूनबाई, तुझ्या मोज्यांना केवढी कसर लागली होती गं. सगळं बुजवून ठेवलंय."

तिने मोजे हातात घेतले. पिवळेधमक, सपाट, अखंड. औषधालासुद्धा भोक उरलं नव्हतं. ती पिशवीसकट खुर्चीत बसली.

"बाबा, ती भोकं मी पाडली होती."

"तू? ती कशाला?"

"नक्षी होती ती. चीजची."

सासऱ्यांनी जरा विचार केला. "म्हणजे महिनाभर तू भोकं विणत होतीस?"

"हो."

"तरीच. मी म्हटलं, ही कसर भलतीच शिस्तीची दिसते. दोन्ही मोज्यांना एकाच जागी लागलीय."

"मग तेव्हाच थांबायचं ना, बाबा."

"समोर भोक दिसत असताना थांबायचं कसं?"

तिने कात्री घेतली, दिव्याखाली बसली आणि रफूचा दोरा शोधू लागली. दोरा सापडेना. लोकर कुठे संपते आणि सासऱ्यांचा हात कुठे सुरू होतो, काही कळेना. इतकं चोख काम त्यांनी नेमकं आजच करावं, याचा तिला आणखी राग आला.

"तुम्हीच उसवा," ती म्हणाली.

"रफू उसवायचा नसतो. चाळीस वर्षांत मी एकही उसवला नाही."

"बाबांचंही बरोबर आहे," नवरा मध्येच म्हणाला, "आणि तुझंही."

"तू भाजी चीर," ती म्हणाली. तो स्वयंपाकघरात गेला.

मग तिने सासऱ्यांशी फोनवरच्या आवाजात बोलून पाहिलं. "ठीक आहे, बाबा. उद्या तुमची लेक अनवाणी दुकान उघडेल. तिने विचारलं तर काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा."

सासऱ्यांनी भिंग काढलं. जेवणं होईपर्यंत त्यांनी एकेक भोक मोकळं केलं आणि मोजे तिच्यापुढे ठेवले. तिने बोट फिरवून पाहिलं.

"टाचेजवळचं एक राहिलंय."

"ते राहू दे. ते तुझ्या नक्षीतलं नाही. तुझा टाका सुटला होता तिथे."

तिने नक्षीचा कागद आणून टाके मोजले. दोनदा मोजले. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. ती भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुकानात चांगली गर्दी झाली. फरशी नुकतीच धुतलेली, म्हणून नणंद गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून उभी होती.

"मोजे कुठायत?" वहिनीने विचारलं.

"आत आहेत ना. मस्त ऊब येतेय," नणंद म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासरे मात्र येईल त्याला सांगत होते की बुटात मोजे आहेत, सुनेने विणलेत, भोकं मुद्दाम ठेवलीत. कुणी विचारलं नव्हतं. अखेर एक आजी म्हणाल्या, "दाखव तरी." नणंदेने एका हाताने काउंटर धरला, एका पायावर उभी राहिली आणि बूट ओढून काढला.

आजींनी वाकून नीट पाहिलं. "सुरेख आहेत हो. मधाचं पोळं ना?"

"चीज," वहिनी म्हणाली, आणि सुरी घेऊन गिऱ्हाइकांसाठी तुकडे करायला लागली. त्यांना तरी कुणी पोळं म्हणणार नव्हतं.