लबाड ताणकाट्यावर तोललेली लेक

मित्रांनो, मी आखातातल्या मनामा शहराच्या मासळीबाजारातला एक जुना ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, मधे गोल तबकडी आणि आत एक स्प्रिंग. कारखान्यातून निघालो तेव्हा सरळमार्गी होतो. पुढे रत्नागिरीच्या जमालुद्दीनने मला विकत घेतले आणि एके दिवशी दार लावून माझी स्प्रिंग सैल केली. तेव्हापासून मी खऱ्या किलोला बाराशे ग्रॅम दाखवू लागलो. माझ्या आकड्याला लटकताच पापलेटसुद्धा बाळसे धरायचे. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. सगळे माझी तारीफ करायचे.

१९९४ साली एका सकाळी मच्छीमारांनी समुद्रात भरकटलेल्या बोटीतून अकरा बायका वाचवून बाजारालगतच्या धक्क्यावर आणल्या. कामासाठी घर सोडलेल्या, एजंटाने फसवलेल्या. त्यांतल्या बानूला धक्क्यावर पाय ठेवताच कळा सुरू झाल्या. जवळच्याच माहूज वस्तीत राहणारी आबिदा, बाळंतपणे करणारी नर्स, धावत आली. जमालुद्दीनच्या शेडमधे ताडपत्रीचा आडोसा करून तिने बानूची सुटका केली. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आलेली. रडणे मांजराच्या पिल्लाएवढे.

बायकांना न्यायला आलेल्या सरकारी बसजवळ उभा असलेला साहेब म्हणाला, "डॉक्टरांचा हुकूम आहे. दोन किलोच्या आत असेल तर रुग्णालयात, काचेच्या पेटीत. नाहीतर सगळ्यांबरोबर बसमधून निवाऱ्याला. यल्ला, चला लवकर!"

"मग वजन करते," आबिदा म्हणाली. "जमालभाय, तुमचा काटा द्या."

तिने मला उकळत्या पाण्याने धुतले. ओढणीची झोळी करून बाळ माझ्या आकड्याला लावले. तबकडीवर दोन किलो शंभर.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला खरे बोलावेसे वाटले, आणि मला तोंड नव्हते.

"खलास," साहेब म्हणाला. "बसमधे."

"थांबा! हजारभर पोरं या हातांनी झेललीत. हात सांगतात, ही दोन किलो नाही. कुणीतरी साखरेचं एक किलोचं बंद पाकीट आणा. आधी काटा तपासते."

"दीदी, बचेगी ना?" बानूने विचारले.

"बचेगी. मैं इधर से हिलनेवाली नहीं."

शेडबाहेर बाजारातली सगळी गिऱ्हाइके जमली होती. जमालुद्दीनने कपाळ पुसले.

"साखर नको गो, आबिदा," तो खाली बघत म्हणाला. "हा किलोला बाराशे दाखवतो."

"म्हणजे माझी परवाची सुरमई?" मागून कोणीतरी ओरडले.

"ती पण."

आबिदाने मनात हिशेब केला. "पावणेदोन किलो. लिहा साहेब, आणि गाडी बोलवा. आई पण बरोबर जाणार. दूध काय तुम्ही पाजणार?"

साहेबाने लिहिले. गाडी आली. महिनाभर काचेच्या पेटीत राहून ती लेक जगली.

जमालुद्दीनने नवा काटा घेतला. मी खुंटीवर गंजतो आहे, तक्रार नाही. एवढेच मागणे, मित्रांनो: तुमच्या काट्याची स्प्रिंग सरळ ठेवा. त्याला उद्या काय टांगले जाईल, ते आज कोणालाच ठाऊक नसते.