तस्ताचं तख्त झालं तेव्हा

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. ही गोष्ट प्रदर्शनाच्या दालनाबाहेर जाता कामा नये, असं इथल्या प्रमुख क्षमा मॅडमनी सगळ्यांना बजावलंय. पण ‘सगळ्यांना’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मी एक पितळी पिकदाणी. जुनी माणसं मला तस्त म्हणायची. डिचोलीच्या एका कासाराने मला घडवलं आणि मी थेट एका राजेसाहेबांच्या बैठकीत गेले. कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी राजेसाहेब माझ्यात थुंकायचे. त्यामुळे राज्यकारभार मी फार जवळून पाहिला आहे. पुढे विडे गेले, राजेसाहेबही गेले, आणि मी त्यांच्या कारकुनाच्या घरी मुळगावला आले. तिथे माझ्यात छत्र्या ठेवत.

यंदा साखळी गावात राजघराण्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. कारकुनाचा पणतू रघुनाथ. त्याने अर्जात लिहिलं, ‘राजेसाहेबांचे तस्त, एक.’ यादी करणाऱ्या गुरुदासने ते ‘तख्त’ वाचलं. मग काय, सहा फूट रुंद चौथरा झाला, लाल मखमल आली, वर छत्र लागलं. पाटी छापली, ‘राजेसाहेबांचे तख्त. कृपया बसू नये.’

पहिल्या दिवशी सकाळी रघुनाथने मला तांदळाच्या पिशवीतून बाहेर काढलं. गुरुदासने पिशवीत पुन्हा हात घालून पाहिला.

“बाकीचं?”

“बाकीचं कितें? एवढंच तर लिहिलं होतं.”

गुरुदासने पिशवी उलटी करून झटकली. त्याची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, आणि आणखी एक चूक झाली तर घरी, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. दारात शाळेची बस लागली. त्याने मला घाईघाईने चौथऱ्यावर ठेवलं आणि कुजबुजला, “बाये, आजचा दिवस निभावून ने.”

मुलं आली. साईश नावाच्या मुलाने पाटी दोनदा वाचली.

“सर, राजेसाहेब ह्याच्यावर बसायचे कसे?”

“सांभाळून,” गुरुदास म्हणाला.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘सांभाळून’.

तेवढ्यात मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या. सोबत कारापूरच्या चंद्रावतीबाई होत्या. राणीसाहेबांची नथ त्यांनीच प्रदर्शनाला दिली होती. मॅडम म्हणाल्या, “बाई, मुलांशी दोन शब्द बोला.” पण बाईंच्या तोंडात विडा. त्या इकडे बघतात, तिकडे बघतात. मी दिसले मात्र, त्यांचा चेहरा उजळला. चौथऱ्याची पायरी चढून त्यांनी माझ्यात नेम साधला.

“बरी सोय केल्यात हां,” त्या तोंड पुसत म्हणाल्या. “नायतर आजकाल तस्त कोण ठेवता?”

मॅडमनी पाटी वाचली. मग मला पाहिलं. मग गुरुदासकडे.

“तस्त?”

“तस्तच, मॅडम. मी तख्त वाचलं. चूक माझीच.” त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून पुढे केलं.

मॅडमनी यादी चाळली. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

“घाला ते गळ्यात,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली सही माझी आहे. मीसुद्धा न वाचताच केली.”

गुरुदासची नोकरी राहिली. माझी मखमलही राहिली, कारण राजेसाहेब ह्याच्यावर बसायचे कसे ते पाहायला आता तलवारींपेक्षा माझ्यापुढे जास्त गर्दी असते. तुम्हाला एकच विनंती, अर्ज भरताना अक्षर नीट काढा. अगदीच नीटही नको म्हणा, कारण रघुनाथचं अक्षर चांगलं असतं तर... थांबा हं, गुरुदास चिंच घेऊन आलाय. “चल गो बाये, घासून काढतो तुला,” म्हणतोय. तर मी काय सांगत होते, रघुनाथचं अक्षर चांगलं असतं तर आज मी मुळगावला छत्र्या सांभा—