दोन पिवळे ठिपके

दोन पिवळे ठिपके.

एक गुळगुळीत लाकडी फळी.

सत्तर किलो.

“आज नको. पुढच्या आठवड्यात बघू.”

एक काडेपेटी, आडवी.

मित्रांनो, मी गाडीची एक जुनी स्प्रिंग आहे. वर सांडलेलं हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. गाडीतून निघाल्यापासून मला असंच सुटं सुटं आठवतं. थोडं सावरून सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. सरळ पोलादी सळई लाल होईपर्यंत तापवली, दांड्याभोवती गुंडाळली आणि तेलात बुडवली. मग काळा रंग आणि त्यावर दोन पिवळे ठिपके. पिवळे म्हणजे मऊ, हलक्या इंजिनासाठी. दुकानात माझ्या शेजारी निळ्या ठिपक्यांच्या स्प्रिंगा होत्या. जाड तारेच्या, टणक, जड इंजिनासाठी. गाडी बुटकी करणं हे आम्हा दोघींचंही काम.

एक दिवस एक मेकॅनिक आला. त्याची थोरली बहीण चाकांच्या खुर्चीत होती. खुर्ची बुटकी आणि गाडीची सीट उंच. मधे फळी टाकली तरी चढ लागे, आणि नवऱ्याला तिला उचलून ठेवावं लागे. “मी काय पोतं आहे?” असं ती म्हणायची. गाडी खाली आली असती तर फळी सपाट झाली असती, आणि ताई आपली आपण सरकली असती.

दुकानवाल्या बाईंनी विचारलं, “इंजिन कुठलं आहे?”

“मूळचं बंद पडलं. मी व्हॅनचं टाकलंय. सत्तर किलो जास्त.”

“मग निळी न्या.”

“निळी टणक. ताईच्या पाठीला खडासुद्धा सोसत नाही.”

“अहो, जड इंजिनाखाली मऊ स्प्रिंग पार दबते. मग टणक परवडली म्हणाल. निळीनं गाडी बोटभर उंच राहील, तर खुर्चीवर एक उशी ठेवा.”

“बाई, पाठ तुमची नाहीये.”

त्यानं मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, जणू मी हातानं दबणार होते. मला केवढा अभिमान वाटला. मी मायेनं निवडली गेले होते.

पुढच्या दोन चाकांपैकी ताईच्या बाजूचं चाक माझ्या वाट्याला आलं. इंजिनाचा भार आला आणि मी खाली गेले, गेले, आणि फार खाली गेले. स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी एका रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या ठोकळ्याच्या वर आता आडवी काडेपेटी जेमतेम मावेल एवढीच फट उरली होती. खड्डा आला की धाड. मी दात आवळून धरायचे, पण सत्तर किलो म्हणजे सत्तर किलो.

दर आठवड्याला ताई नवऱ्याबरोबर तलावाच्या बांधावर जायची. काही करायची नाही, पाणी बघायची. आठवडाभर ती त्याच दिवसावर जगायची. धाड झाली की तिची बोटं दाराच्या मुठीवर पांढरी पडायची.

“कशी आहे गं गाडी?” भाऊ विचारायचा.

“मस्त. पाळणा आहे नुसता.”

मग तो मेहुण्याकडे वळायचा. “भाऊजी, खड्डे जरा चुकवत जा. गाडी चालवता की नांगर?”

“नांगर बरा. तुझी गाडी नाक खाली घालून चालते, रुसल्यासारखी.”

भाऊ हसला. हसण्यावारी गेलं ते.

मग एका आठवड्यात ताई म्हणाली, “आज नको.” पुढच्या आठवड्यातही तेच. ती खिडकीशी बसू लागली. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. असे चार महिने गेले.

ऑइल बदलायला भाऊ गाडीखाली शिरला, तेव्हा त्याला रबराचा भुगा दिसला. त्यानं खिशातली काडेपेटी काढून त्या फटीत धरली. अडकली. मग तो काळ्या हातांनीच ताईच्या घरात गेला.

“ताई, गाडी आदळत होती ना?”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “थोडी.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्या पाठीसाठी म्हणून मऊ आणलीस. तुला काय सांगू, पाठीलाच लागतंय म्हणून? हात धू आधी, चादरीला लावशील.”

त्यानं त्याच दिवशी निळ्या स्प्रिंगा मागवल्या. त्या यायला अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी ताईला श्वास पुरेना. दवाखान्याची गाडी आली, तिला उचलून घेऊन गेली. ती परत आली नाही. तिचा आजार जुना होता, तो काही माझ्यामुळे वाढला नाही. पण ते चार महिने माझे आहेत.

निळ्या स्प्रिंगा भावानं तरीही बसवल्या. उशीही शिवून आणली होती. ती ठेवून त्यानं मोकळी खुर्ची गाडीशेजारी लावून, फळी टाकून पाहिली. सपाट बसली. मग फळी गॅरेजात माझ्याशेजारी मांडणीवर ठेवली. तेव्हापासून आम्ही दोघी इथंच आहोत. माझ्यावर गंज चढतो आहे. फळी अजून गुळगुळीत आहे.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी काही निवडाल तेव्हा ते तुमच्या हाताला कसं लागतं यावर जाऊ नका. त्याच्यावर भार किती येणार आहे ते विचारा, आणि जाणत्या माणसानं सांगितलं तर ऐका. आणि कुणी मायेनं आणलेली वस्तू तुम्हाला दुखवत असेल, तर त्याला सांगा. तो रागावेल, पण दुसरी आणेल.

मला गाडीत बसवलं त्या पहिल्या दिवशी ताई कुणाचाही हात न धरता फळीवरून सरकली आणि गाडीत बसली होती.