मिटल्या डोळ्यांचा पहारा

"डोळे मिटा," शिट्टीबाई म्हणाल्या.

बराकीपुढच्या अंगणात चादरी अंथरून बसलेल्या बायकांपैकी एकीनेही डोळे मिटले नाहीत. काहींनी मिटल्यासारखं केलं आणि पापण्यांच्या फटीतून शेजारणीकडे बघत राहिल्या. मागे भिंतीला टेकून बसलेल्या, नुकत्याच आलेल्या आणि म्हणून सगळ्या जिला 'नवी' म्हणत त्या मुलीने तर तेवढं सोंगही केलं नाही. ती सरळ शिट्टीबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

शिट्टीबाईंनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि सवयीने फुंकली. अंगणभर खसखस पिकली.

"शिट्टीने माणूस उठतं, बाई," मावशी म्हणाली. "डोळे नाही मिटत."

मावशी ही बराकीतली सगळ्यात जुनी कैदी. जन्मठेपेची. तिच्या डोक्याचे केस आत आल्यावरच पांढरे झाले होते. शिट्टीबाई या तुरुंगाच्या महिला विभागात पहाऱ्यावर रुजू झाल्या तेव्हा त्यांचा मोठा मुलगा पाळण्यात होता. आता तो स्वतः बाप झाला होता. इतकी वर्षं उभं राहून राहून कंबरेने असहकार पुकारला, तेव्हा नणंदेने त्यांना हाताला धरून आपल्या योगाच्या वर्गात नेलं. कंबर सुधारली. बाईंनी ते कामावर चारचौघींत सांगितलं आणि तिथेच फसल्या.

कारण त्याच सुमाराला सकाळी नळावर बादलीवरून भांडण होऊन एकीचं डोकं फुटलं होतं. अधीक्षक मॅडमनी बायकांची डोकी शांत व्हावीत म्हणून बाहेरून योगशिक्षिका बोलावली. ती थोडे दिवस आली. पण दरवाजावर रोज झडती द्यावी लागते हे तिच्या मनाला लागलं आणि ती यायची बंद झाली. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना? मग घ्या तुम्हीच."

हातपाय हलवण्यापर्यंत सगळं मजेत चाललं. टाचा उचलून हात वर ताणायचे म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "अजून ताण गं, भिंतीपलीकडचं दिसतंय का बघ." बाईंनाही हसू यायचं. पण शेवटी शांत बसायची वेळ आली की गाडं अडायचं.

त्या दिवशी बायका चादरी घड्या करून गेल्यावर मावशी मागे राहिली.

"रागावू नका बाई, पण एक सांगते. इथे चोवीस तास कुणीतरी बघत असतं. रात्री दिवा विझत नाही. न्हाणीघराला दार अर्धंच. समोर बघणारं माणूस असलं की पापणी खाली येत नाही. तुम्ही मिटा, मग आम्ही मिटू."

"मला कसं चालेल? मी पहाऱ्यावर आहे."

"मग राहू दे," मावशी म्हणाली आणि चादर उचलून निघून गेली.

शिट्टीबाईंनी संध्याकाळी हे घरी सांगितलं. नणंद आलेली होती, भाजी निवडत बसली होती.

"बरोबर बोलली ती," नणंद म्हणाली. "वहिनी, तुम्ही माझ्या वर्गाला इतके दिवस येताय. तुम्ही तरी कुठे डोळे मिटता? मी पुढे बसलेली असते, मला दिसतं ना."

"मिटते की मी."

"कसली मिटतेस," नवरा आतून म्हणाला. "भाचीच्या लग्नात भिंतीला पाठ लावून बसली होतीस आणि माणसं मोजत होतीस. पोरगी म्हणाली पण तुला, आई, ते पाहुणे आहेत."

सगळे हसले. शिट्टीबाईही हसल्या. पण अंथरुणावर पडल्यावर त्यांना ते खुपत राहिलं. आपण डोळे मिटतच नाही हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, आणि बायकांना मात्र रोज सांगत होतो, मन मोकळं सोडा, कुणी नाही आपल्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी खिशात घातली. बायका बसल्यावर त्याही एक चादर ओढून जमिनीवर बसल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेतला. अंगणाचं दार बाहेरून बंद आहे हे एकदा बघून घेतलं.

"आता मी मिटते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं बघा."

आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्यांदा फक्त भीती वाटली. नळाचं ठिबकणं एकदम मोठं ऐकू यायला लागलं. कुणाची तरी चादर सरकली. मग पावलं वाजली, अनवाणी, सावकाश, त्यांच्याच दिशेने येणारी. शिट्टीबाईंची मूठ किल्ल्यांवर आवळली. या अंगणात कुणाकुणाच्या हातून काय काय झालेलं आहे ते त्यांना पाठ होतं. पावलं अगदी समोर येऊन थांबली. डोळे उघडणं म्हणजे पापणीची नुसती हालचाल. पण आता उघडले तर पुन्हा कधी या बायकांना काही सांगायला तोंड राहणार नाही, हेही त्यांना कळत होतं. त्या श्वास मोजत राहिल्या. समोरचं माणूस खाली बसल्याचं कळलं. त्याचाही श्वास ऐकू येऊ लागला, आधी धापा टाकल्यासारखा, मग हळूहळू संथ.

किती वेळ गेला कोण जाणे. बाईंनी डोळे उघडले तेव्हा नवी त्यांच्या समोर बसली होती. या मुलीचा खटला अजून उभा राहायचा होता आणि आल्यापासून तिने भिंत सोडली नव्हती. आज ती भिंत सोडून आली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. तिच्या मागे सगळं अंगण डोळे मिटून बसलं होतं. नळावर डोकं फोडणारी आणि जिचं डोकं फुटलं होतं ती, दोघी गुडघ्याला गुडघा लावून.

फक्त एकटी मावशी दाराशी उभी होती. हाताची घडी घालून, टक्क जागी.

"तू का नाही बसलीस?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुणीतरी बघायला नको?" मावशी म्हणाली. "तुमची नोकरी आहे."

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. रोज एक बाई दाराशी उभी राहायची आणि बाकीच्या बसायच्या. आज राखण कुणाची यावरून सकाळी थोडी वादावादी व्हायची, कारण त्या कामाला मान होता. नळावरची भांडणं काही संपली नाहीत. पण आता भांडताना कुणीतरी मध्येच म्हणायचं, "आधी बसून घेऊ, मग भांडू," आणि बसून झाल्यावर पुष्कळदा भांडणाचा विषयच आठवायचा नाही. नवी बोलायला लागली. तिला झोप येत नाही, घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, असं एकेक बाहेर पडायला लागलं. आणि शिट्टीबाई घरी गेल्यावर खुर्चीत मान टाकून अशा झोपायच्या, की नवरा नणंदेला फोन करून सांगायचा, "अगं, ही घोरते."

मग एका सकाळी अधीक्षक मॅडम न सांगता फेरीला आल्या. अंगणाचं दार उघडलं. समोर कैदी बाई पहाऱ्याला उभी आणि पहारेकरीण डोळे मिटून जमिनीवर.

मॅडम दार ओढून घेऊन परत फिरल्या. दुपारी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं.

"बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. काही झालं असतं तर?"

"झालं नाही, मॅडम."

"उद्या होईल. तेव्हा मी वर काय सांगू? किल्ल्या मांडीवर होत्या तुमच्या." मॅडमनी कपाळ चोळलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "हे बघा, वय झालंय, रात्रपाळी करून आला होतात, जरा डोळा लागला. असं असेल तर तसं सांगा. मी समज देऊन सोडून देते. विभाग पण बदलायला नको."

डोळा लागला म्हणणं सोपं होतं. निवृत्तीला आता फारसे दिवस उरले नव्हते, आणि विभाग बदलला तर बाहेरच्या दरवाजावर उन्हात उभं राहावं लागणार होतं, ते कमरेला जमणार नव्हतं. पण डोळा लागला म्हटलं, की त्या सगळ्या सकाळी म्हातारीच्या डुलक्या ठरणार होत्या. दाराशी उभी राहिलेली प्रत्येक बाई मूर्ख ठरणार होती.

"डोळा लागला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी मिटले होते. रोज मिटत होते."

मॅडमनी समोरचा कागद पुढे ओढला. "तुम्ही मला काही करायला जागाच ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या.

बाईंना बाहेरच्या दरवाजावर टाकलं. भेटीला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायच्या, आत जाणाऱ्या भाजीच्या टोपल्या उलट्या करायच्या. बराकीकडे जायची सोय उरली नाही. त्यांच्या जागी आलेली तरुण शिपाई एकदा जेवणाच्या सुट्टीत तक्रार करत होती, "बसू नका म्हटलं तरी बसतात हो. मी तर डोळे उघडे ठेवूनच असते, पण आता त्यांना माझं काही वाटतच नाही."

"बसू दे," शिट्टीबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला नवीला जामीन मिळाला. मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून ती वाकून बाहेर आली, हातात एक कापडी पिशवी. न्यायला येणारा भाऊ लांबच्या गावाहून निघाला होता, त्याची गाडी चुकली होती.

"बस तिथे बाकावर," शिट्टीबाई म्हणाल्या. "येईल तो. मावशी कशी आहे?"

"बरी आहे. पण आता रोज तीच दारात उभी राहते, कुणाला पाळी देत नाही. म्हणते, तुम्ही सगळ्या जाणाऱ्या, तुम्ही शिकून घ्या." नवीने पिशवी मांडीवर घेतली. "तुम्हाला सांगायला सांगितलंय, कंबर सांभाळा म्हणून."

बाईंनी मान हलवली. मग भेटीची गर्दी आली आणि त्या पिशव्यांत गुंतल्या. गर्दी ओसरल्यावर वळून पाहिलं, तर पोरगी बसल्या जागी झोपली होती. पिशवी मांडीवरून खाली घसरलेली, तोंड किंचित उघडं. बाकावर उतरतं ऊन यायला लागलं होतं, ते तिच्या हनुवटीपर्यंत चढलं होतं.

शिट्टीबाईंनी पिशवी उचलून तिच्या पायाशी नीट ठेवली. मग दरवाजाकडे तोंड ठेवूनच त्या दोन पावलं डावीकडे सरकल्या. त्यांची सावली मुलीच्या चेहऱ्यावर पडली.

ऊन सरकत होतं तशा त्याही मधूनमधून सरकत राहिल्या. भाऊ आला तेव्हा त्या आपल्या जागेपासून पार फाटकाच्या खांबापाशी पोचल्या होत्या.